बाटलीतलं जंगल आणि डॉक्टर वॉर्ड

मागच्या गणपतीत घरी गेले होते, तेव्हा परत येताना आमच्या विहिरीच्या कठड्याला आतून उगवणारं नेच्याचं एक रोप मी डब्यात घालून हॉस्टेलवर आणलं. नेचा म्हणजे आपण ज्याला फर्न म्हणतो तो. कोकणात तो कोणी लावत नाही, आपोआप उगवतो, आणि साफसफाई करताना लोक तो उपटून फेकून देतात. त्यामुळे मला वाटलं, एवढं चिवट झाड, त्याला जगवायला काय लागतंय!

सकाळी एक ग्लास पाणी, संध्याकाळी एक ग्लास पाणी. कॉलेजला जाताना खिडकीत, आल्यावर टेबलावर. एवढं लक्ष तर मी माझ्या असाइनमेंट्सकडेही देत नाही. आणि तरीसुद्धा ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि महिन्याभरात ते रोप पानांच्या टोकांपासून करपत करपत पार वाळून गेलं. खोटं कशाला बोलू, मला चांगलंच वाईट वाटलं. घरची एवढी एकच गोष्ट खोलीत होती आणि तीही मला सांभाळता आली नाही, असं काहीतरी वाटत राहिलं.

मग मी नेच्यांबद्दल वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता माझी गाठ पडली ती एका डॉक्टरशी. हा डॉक्टर १८६८ साली वारला. पण त्याचंही अगदी असंच झालं होतं. त्याचेही नेचे मेले होते, आणि तेही पाण्याची उत्तम सोय करून! फरक एवढाच की मी रडत बसले, आणि त्याने मात्र सगळ्या जगाची शेती बदलून टाकणारी एक पेटी बनवली. त्याचं नाव नाथॅनियल बॅगशॉ वॉर्ड. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून हा लेख.

नाथॅनियलचा जन्म १७९१ साली लंडनमध्ये झाला. वडील डॉक्टर. पोराला मात्र डॉक्टर व्हायचं नव्हतं, त्याला खलाशी व्हायचं होतं. घर लंडनच्या पूर्व भागात, गोदीच्या जवळ. येताजाता जहाजं आणि त्यांच्या डोलकाठ्या बघायच्या, मग दुसरं काय मनात येणार? शेवटी तेराव्या वर्षी त्याला जहाजावर चढवून थेट जमैकाला पाठवलं. त्या एका सफरीत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे समुद्राचं वेड कायमचं उतरलं. आणि दुसरी म्हणजे जमैकातले ताडमाड आणि नेच्यांची रानं बघून झाडांचं वेड कायमचं लागलं. मुलगा परत आला तो मुकाट्याने डॉक्टरी शिकायला लागला, पण मन हिरवं झालेलं होतं.

लंडन हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेऊन नाथॅनियलचे डॉक्टर वॉर्ड झाले आणि वेलक्लोज स्क्वेअर नावाच्या चौकात त्यांनी प्रॅक्टिस सुरू केली. हा भाग म्हणजे गोदी कामगार, खलाशी आणि साखर कारखान्यातले मजूर यांची दाटीवाटीची वस्ती. पेशंट बहुतेक गरीब. वॉर्ड दिवसभर पेशंट तपासायचे आणि जमेल तेव्हा भल्या पहाटे उठून शहराबाहेर झाडं गोळा करायला जायचे. त्या काळी औषधं बरीचशी वनस्पतींपासून बनत, त्यामुळे डॉक्टरला वनस्पतिशास्त्र यावंच लागे. पण वॉर्ड यांचं प्रकरण कामापुरतं नव्हतं. १८१७ सालीच ते लिनियन सोसायटीचे सभासद झाले होते.

आता त्यांची एकच इच्छा होती. घराच्या मागच्या अंगणात एक जुनी भिंत होती, ती नेच्यांनी आणि मॉसने झाकून टाकायची. जमैकातलं रान नाही तर निदान एक हिरवी भिंत तरी! त्यासाठी त्यांनी दगड रचून कपारी तयार केल्या. वरून एक भोकं पाडलेला पाइप आणला, म्हणजे त्यातून थेंब थेंब पाणी झाडांवर ठिबकत राहील. (आपण आज ज्याचं ठिबक सिंचन म्हणून कौतुक करतो, तोच प्रकार!) जंगलातून नेचे आणून लावले. आणि ते मेले. परत आणले. परत मेले. अशी वर्षं गेली आणि शेवटी डॉक्टरसाहेबांनी हात टेकले.

कारण होतं लंडनची हवा. घराघरांत कोळशाच्या शेगड्या, आणि त्यात भर म्हणून कारखाने. कोळशाच्या धुरातली काजळी पानांवर बसायची, गंधकाचे वायू पानं जाळायचे. पाणी कितीही द्या, झाड श्वास तर त्याच हवेत घेणार!

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे माझ्या खोलीतली गोष्ट. इथून पुढे मात्र ती वॉर्ड यांची आहे.

१८२९ चा उन्हाळा. वॉर्ड यांना किड्या-फुलपाखरांचाही नाद होता. स्फिंक्स जातीच्या पतंगाचा एक कोष त्यांना मिळाला होता आणि त्यातून पतंग बाहेर येताना बघायचा होता. म्हणून त्यांनी रुंद तोंडाच्या एका काचेच्या बाटलीत ओलसर माती घातली, तो कोष त्यात पुरला, वर झाकण लावलं आणि बाटली ठेवून दिली. रोज बघायचे, पतंग आला का. बघता बघता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दिवसा ऊब आली की मातीतली वाफ वर जाते, काचेला थेंब होऊन चिकटते आणि परत खाली मातीत उतरते. माती जेवढी ओली होती तेवढीच ओली राहते. थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये आपण जे क्लोज्ड सिस्टिम म्हणून पाठ करतो ते हेच. वस्तुमान बाहेर जात नाही, उष्णता आणि प्रकाश मात्र आत-बाहेर करू शकतात.

पतंग बाहेर यायच्या आठवडाभर आधी मातीवर दोन हिरवे ठिपके दिसले. एक होतं साधं गवत, आणि दुसरा होता नेचा!

मला या गोष्टीतला हा क्षण सगळ्यात आवडतो. कारण आपल्यापैकी कोणीही असतं तर काय केलं असतं? तण उगवलं म्हणून उपटलं असतं. नाहीतर वा, छान, म्हणून विसरून गेलो असतो. वॉर्ड यांना मात्र लगेच ती मागची भिंत आठवली. मी एवढी वर्षं जिवाचं रान करून ज्याला जगवू शकलो नाही तो नेचा इथे, न लावता, न पाणी घालता कसा काय उगवला? भिंतीवर नव्हतं असं या बाटलीत काय आहे? की भिंतीवर होतं आणि बाटलीत नाही, असं काहीतरी आहे? दुसरा प्रश्नच बरोबर होता. बाटलीत धूर नव्हता. ओलावा होता, उजेड होता, आणि हवा स्वच्छ होती.

त्यांनी ती बाटली तशीच बंद ठेवून अभ्यासिकेच्या उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली. उत्तरेकडच्या, हे महत्त्वाचं आहे, त्याबद्दल पुढे सांगते. बाटलीतली ती दोन रोपं पाण्याचा एक थेंबही न देता जवळजवळ चार वर्षं जगली. नेच्याला दर वर्षी तीन-चार नवी पानं यायची, आणि गवताला तर एकदा फुलंसुद्धा आली. शेवटी ती मेली कशाने माहितीये? वॉर्ड घरी नसताना बाटलीचं झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं. म्हणजे पाण्यावाचून नाही, जास्त पाण्याने मेली. हे वाचलं तेव्हा माझा तो सकाळ-संध्याकाळचा ग्लास मला आठवला.

मग वॉर्ड यांनी सुतारांकडून लाकडाच्या चौकटी आणि काचा घालून पेट्या बनवून घेतल्या. लंडनजवळ हॅकनी इथे लॉडिजेस कुटुंबाची प्रसिद्ध नर्सरी होती. तिथल्या जॉर्ज लॉडिजेस यांनी प्रयोगासाठी हवी ती झाडं दिली. एकामागून एक नेचे आणि परदेशी झाडं त्या काळ्या धुराच्या वस्तीत हिरवीगार वाढायला लागली. घराच्या जिन्याच्या खिडकीबाहेर त्यांनी चक्क एक छोटं काचघर बांधलं आणि त्यात टिंटर्न ॲबी या जुन्या पडक्या चर्चच्या खिडकीची प्रतिकृती ठेवून भोवती नेचे लावले. त्या काळचे बागकामावरचे मोठे लेखक जॉन लाउडन १८३४ मध्ये हे घर बघून थक्क झाले आणि त्यांनी त्याबद्दल लिहिलंही.

पण लहानपणी जहाजावर गेलेल्या माणसाला यापुढचं सुचलं नसतं तरच नवल. त्या काळी एका देशातलं झाड दुसऱ्या देशात न्यायचं म्हणजे मोठं दिव्य होतं. डेकवर ठेवलं तर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आणि वारा, आणि खाली ठेवलं तर अंधार. त्यात प्यायचं पाणी मोजून मिळणार, मग झाडाला कोण घालतंय? चीनहून इंग्लंडला पाठवलेल्या हजार झाडांमागे एखादंच जिवंत पोचतं, असा अंदाज मकावमधल्या जॉन लिव्हिंगस्टन या डॉक्टरांनी १८१९ साली दिला होता. हजारात एक! आपल्या एम-थ्रीचा निकाल सुद्धा याहून बरा लागतो.

१८३३ च्या जूनच्या सुरुवातीला वॉर्ड आणि लॉडिजेस यांनी नेचे, मॉस आणि गवतं भरलेल्या दोन पेट्या कॅप्टन चार्ल्स मॅलार्ड यांच्या पर्शियन नावाच्या जहाजावर चढवल्या. जायचं होतं सिडनीला. पेट्या डेकवर, उजेडात ठेवायच्या आणि काहीही झालं तरी उघडायच्या नाहीत. काही महिन्यांनी कॅप्टनचं पत्र आलं. दोन-तीन नेचे सोडले तर सगळी झाडं ताजीतवानी होती.

खरी परीक्षा परतीची होती. फेब्रुवारी १८३४ मध्ये सिडनीत त्याच पेट्यांमध्ये ऑस्ट्रेलियातली झाडं भरली. निघताना हवा ९० ते १०० अंश फॅरनहाइट. केप हॉर्नला वळसा घालताना पारा २० अंशांपर्यंत उतरला, डेकवर फूटभर बर्फ. मग विषुववृत्त ओलांडताना १२० अंश, आणि इंग्लिश खाडीत शिरताना परत ४०. आठ महिने, आणि पाण्याचा एक थेंब नाही. नोव्हेंबरमध्ये वॉर्ड आणि लॉडिजेस जहाजावर चढले तेव्हा पेट्यांच्या आत हिरवीगार झाडं उभी होती. त्यात ग्लायचेनिया जातीचा एक नाजूक नेचा होता, जो इंग्लंडमध्ये तोपर्यंत कोणी जिवंत पाहिलाच नव्हता. त्या वेळी त्या दोघांना काय वाटलं असेल, याची मी कल्पना करून बघते. बहुतेक प्रोजेक्ट पहिल्याच डेमोला चालला की जे वाटतं, तेच. फक्त शंभरपट!

लॉडिजेस यांचा पुढचा अनुभव असा, की आधी वीसपैकी एकोणीस झाडं मरायची, आणि पेटी आल्यावर वीसपैकी एकोणीस जगायला लागली.

आपण इंजिनिअर, म्हणून पेटी कशी होती तेही सांगते. खाली जाड लाकडाची टाकी, वर उतरत्या छपरासारख्या काचा, म्हणजे थेंब ओघळून कडेला जातील आणि परत मातीत मुरतील. काचांवर बाहेरून जाळी किंवा पट्ट्या, म्हणजे जहाजावर काही आपटलं तरी काच फुटू नये. पेटीला खाली पाय, म्हणजे डेक धुतला तरी खारं पाणी आत शिरू नये. मातीवर आडव्या पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे जहाज हेलकावलं तरी माती आणि मुळं जागची हलू नयेत. आणि झाडं लावल्यावर पेटी लगेच पाठवायची नाही, आधी त्यांना मुळं धरू द्यायची. पेटी पूर्ण हवाबंद नव्हती बरं का. फटींमधून हवा अगदी सावकाश आत-बाहेर होत राहायची, आणि वॉर्ड यांना तेवढीच हवी होती. झाड दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतं आणि श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे आतला हिशोब बऱ्यापैकी आपापला जुळत राहतो. यात मोटर नाही, पंप नाही, एकसुद्धा हलणारा भाग नाही.

१८३६ मध्ये वॉर्ड यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांना या प्रयोगाबद्दल पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. १८३८ मध्ये तर खुद्द मायकेल फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या पेट्यांवर व्याख्यान दिलं. हो, तेच फॅरडे, इलेक्ट्रिकलवाल्यांचे! १८४२ मध्ये वॉर्ड यांचं छोटंसं पुस्तक आलं. पुढे १८५२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तोवर इंग्लंडमध्ये घरोघरी दिवाणखान्यात नेच्यांची पेटी ठेवायची फॅशन आली होती, आणि या नेचेवेडाला पुढे नावही पडलं.

एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. स्कॉटलंडमध्ये मॅकोनॉकी नावाच्या एका गृहस्थांनी अशीच काचेची पेटी वॉर्ड यांच्या आधी काही वर्षं करून बघितली होती. पण त्यांनी ते छापलं नाही. वॉर्ड यांनी लिहिलं, लोकांना दाखवलं, येईल त्याला घरात घेऊन समजावून सांगितलं. म्हणून पेटीला नाव लागलं ते वॉर्ड यांचं, वॉर्डियन केस. कल्पना ट्रंकेत ठेवणाऱ्यांनी (आणि आपल्या हॉस्टेलवर असे पुष्कळ आहेत) यातून जो घ्यायचा तो धडा घ्यावा.

आता मला ज्या भागाने जास्त विचार करायला लावला, तो. वॉर्ड यांच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे ते गरिबांसाठी. दिवसभर ज्या वस्तीत ते फिरत होते तिथली माणसं उजेड आणि स्वच्छ हवा नसलेल्या खोल्यांत राहत होती. नेच्याला जे लागतं तेच माणसालाही लागतं, हे या डॉक्टरला भिंतीवरच्या मेलेल्या झाडांनी शिकवलं होतं. स्वस्तातली पेटी करून मजुरांनी आपल्या खिडकीत चार हिरवी झाडं वाढवावीत, आणि क्षयासारख्या आजाराच्या रोग्यांनाही कधीतरी अशी स्वच्छ हवेची काचेची खोली मिळावी, अशी त्यांची स्वप्नं होती. पेटीतून पैसा करावा, हे त्यांच्या डोक्यात नव्हतंच. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवी त्याने बनवावी.

आणि बनवली तर खरीच, पण कोणी? साम्राज्याने. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसाला चीनला पाठवलं. चिनी माणसाचा वेष करून तो चहाच्या प्रदेशात फिरला आणि तिथल्या चहाची हजारो रोपं या पेट्यांमधून भारतात, हिमालयाच्या पायथ्याकडे आली. चहाचं बी प्रवासात लवकर मरतं, म्हणून त्याने ते पेटीतल्या मातीतच पेरून टाकलं. वाटेत ते उगवलं! चीनला अर्थातच कोणी विचारलं नव्हतं. आज आपण कँटीनमध्ये जो कटिंग पितो त्यात आसामच्या चहाचा वाटा मोठा आहे, पण भारतातल्या चहाच्या गोष्टीत या पेटीचाही वाटा आहेच.

मग सिंकोना. हिवतापावरचं क्विनाइन त्याच्या सालीपासून मिळायचं आणि झाडं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पेरूमधून रोपं मिळवली आणि इंग्लंडमार्गे, तांबड्या समुद्रातून, मुंबईला उतरून निलगिरीत उटीला नेली. पण तांबड्या समुद्रातल्या भयंकर उष्णतेने त्यांचा जीव गेला होता. ती काही जगली नाहीत. रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमध्ये गोळा केलेली दुसऱ्या जातीची रोपं १८६१ मध्ये आली. त्यातली चारशेहून जास्त जिवंत पोचली, आणि त्यातून निलगिरीतले मळे उभे राहिले. आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सिंकोना लावून बघितला होता, पण तो तिथे जमला नाही. १८९२ पासून बंगालमध्ये क्विनाइनच्या पुड्या पोस्ट ऑफिसात एका पैशाला विकायला सुरुवात झाली. त्या पुडीने वाचलेल्या माणसांचे आशीर्वाद वॉर्ड यांनाही लागायला हरकत नाही.

ब्राझीलच्या रबराचंही तेच. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी आणलेल्या बियांपासून लंडनच्या क्यू गार्डनमध्ये रोपं झाली आणि त्यातली १९१९ रोपं ३८ वॉर्डियन पेट्यांमधून सिलोनला, म्हणजे श्रीलंकेला गेली. आशियातल्या रबराच्या मळ्यांची सुरुवात ती. या मळ्यांत राबायला कोण गेलं, कोणाच्या जमिनी गेल्या, तो इतिहास पेटीइतका स्वच्छ नाही. शिवाय पेटीत झाडाबरोबर मातीही जायची, आणि मातीबरोबर किडे आणि रोगही. ज्या पेटीने झाडं वाचवली, तिनेच नव्या नव्या देशांत झाडांचे रोग पोचवायलाही मदत केली. पुढे देशोदेशी मातीसकट झाडं आणायला बंदी आली, विमानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि १९६० च्या दशकात या पेट्यांचं काम संपलं.

यात वॉर्ड यांचा दोष किती? मी आणि माझी रूममेट यावर एका रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो. तिचं म्हणणं, बनवणाऱ्याने वापराची जबाबदारी घ्यायलाच पाहिजे. माझं म्हणणं, खिडकीत नेचे लावणाऱ्या डॉक्टरला रबराचे मळे कसे दिसणार? भांडण मिटलं नाही. पण एवढं दोघींनाही पटलं, की आपण चार वर्षांत इतकी यंत्रं शिकतो, पण हा प्रश्न आपल्याला एकाही व्हायव्हात कोणी विचारत नाही.

डॉक्टर वॉर्ड म्हातारपणी धुरातून निघून क्लॅपहॅमला राहायला गेले. तिथे मोठी बाग केली, झाडं लोकांना वाटत राहिले. ४ जून १८६८ रोजी ते वारले. नॉरवूडच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे, पण तिच्यावर खूण नाही. त्यांच्या नावाने एक मॉस मात्र आहे, दक्षिण आफ्रिकेतली, वॉर्डिया नावाची. भिंतीवर मॉस वाढवू बघणाऱ्या माणसाला दगडापेक्षा हे स्मारक जास्त आवडलं असतं, असं मला आपलं वाटतं.

आता माझ्या पेटीचं सांगते आणि संपवते. दिवाळीत घरून दुसरं रोप आणलं. सीनियर ताईंनी सोडून दिलेला दोन फुटी फिश टँक मिळाला. खाली खडी, त्यावर थोडा कोळसा, मग मच्छरदाणीचा तुकडा, आणि वर माती. वर्कशॉपच्या मामांनी वरच्या झाकणाची ॲक्रिलिक शीट कापून दिली. मोठ्या दिमाखात पेटी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आणि लेक्चरला गेले. दुपारी येऊन बघते तो काच तापलेली, आत थर्मामीटर ४८ अंश सेल्सिअस, आणि नेच्याची भाजी झालेली! मार्कहॅमचा तांबडा समुद्र माझ्या खिडकीतच अवतरला होता. बंद काचेत ऊन आत येतं पण उष्णता बाहेर जात नाही, हे मी सबमिशनमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. वॉर्ड यांची बाटली उत्तरेच्या खिडकीत का होती, ते मला तेव्हा कळलं.

संक्रांतीला तिसरं रोप आणलं. आता पेटी खिडकीपासून लांब, कपाटावर आहे. वर एक एलईडी ट्यूब लावली आहे, टायमरवर, रोज बारा तास. (रेक्टर मॅडमनी परवानगी दिली आहे. ट्यूब अठरा वॉटचीच आहे, हे त्यांना लेखी द्यावं लागलं.) सुरुवातीला एकदाच पाणी घातलं. सकाळी काचेला थेंब असतात, दुपारपर्यंत ते खाली उतरतात. आता मार्च संपत आला, बाहेर पारा चाळीसच्या वर गेला आहे. आत सहा नवी पानं आली आहेत, आणि मी न लावलेली एक हिरवी गोष्ट कोपऱ्यात उगवली आहे. ती काय आहे ते अजून कळलेलं नाही. उपटणार मात्र नाही.

बघायचं असेल तर हॉस्टेलच्या मुलींनी खुशाल खोलीवर यावं, आणि बाकीच्यांनी गॅदरिंगच्या प्रदर्शनात, तिथे पेटी ठेवणार आहे. फक्त एक विनंती, झाकण उघडू नका.